डावा शंख

लिनोवरून, म्हणजे चित्र कोरून शाई लावलेल्या लिनोलियमच्या तुकड्यावरून, पहिला ठसा सोलताना श्वास रोखला जातो तो जातोच. कागदाचा कोपरा चिमटीत धरून हळूहळू मागे घ्यायचा. शाई झकास उतरलेली असते, रेषाही स्वच्छ असतात, तरी शंखात काहीतरी खटकतं. शेजारी खरा शंख उभा केला की उलगडा होतो. टोक वर, तोंड आपल्याकडे असं धरलं तर खऱ्या शंखाचं तोंड उजवीकडे आणि कागदावरच्याचं डावीकडे!

निसर्गात बहुतेक शंख उजव्या वळणाचे, डावे अगदी विरळा. ठसेवाले मात्र दुपारभरात डझनभर डावे शंख काढून वाळत घालतात.

लहानपणी बटाट्यावर आपल्या नावाचं अक्षर कोरणाऱ्या प्रत्येकाने हा मार खाल्लेला असतो. एक 'ठ' काय तो उलटासुलटा सारखाच. 'ठसा' शब्दाची सुरुवात तरी सुखरूप होते.

उपाय सोपा आहे. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचं, कागद पालथा घालून लिनोवर घासायचा. रेषा उलट्या उमटतात, ठशात सुलट होतात. वळसे कोरताना मनगट वळवायचं नाही. हत्यार एका जागी ठेवून लिनो फिरवायचा, म्हणजे रेघ तुटत नाही. शाई बेताचीच. रोलर हलकी सळसळ करतो तोवर ठीक, चपचप वाजायला लागला की शंखावरच्या बारीक रेघा बुजल्याच म्हणून समजा. मग कितीही दाबा, उमटतो तो बटाटाच.

डच चित्रकार रेम्ब्राँनेही 1650 मध्ये एका संगमरवरी नक्षीच्या शंखाचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापायचं चित्र, केलं. सही त्याने पत्र्यावर आठवणीने उलटी कोरली, त्यामुळे ती छापात सरळ आली. शंख मात्र दिसला तसाच कोरला आणि तो डावा छापला गेला. स्वतःच्या नावाची काळजी जास्त, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याची छायाप्रकाशाची करामत बघताना वळणाकडे कोण बघतंय?

मातीतही तीच गत, शिवाय फुगीर ते खोलगट होतं. साधारण 8 मिलिमीटर जाडीची पोळी लाटायची, रिकाम्या शंखाला कॉर्नफ्लॉवर चोळायचं, दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. तिरका ओढला की कड फाटते. शंख मातीतच राहू द्यावा असं फार वाटतं, दिसतोही छान. पण तो चुनखडीचा. भट्टी 900 अंशांच्या आसपास गेली की त्याचा कळीचा चुना होतो. तो हवेतली ओल पितो, फुगतो, आणि चारआठ दिवसांनी, सगळ्यांचं कौतुक ऐकून झाल्यावर, टवका उडवतो. शिंपल्यांचा चुरा असलेली किनाऱ्यावरची वाळू मातीत मिसळली तरी हेच.

मातीत शंख पुन्हा उजवा करता येतो. खळगा भाजून घ्यायचा, झिलई लावायची नाही. कोरी भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून ओली माती तिला चिकटत नाही. त्या खळग्यात नवी माती दाबली की सुलट शंख हातात. फक्त माती वाळताना आणि भाजताना दर खेपेला दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते. 5 सेंटिमीटरच्या शंखाचा खळगा साडेचारचा, त्यातून निघालेला शंख भाजल्यावर जेमतेम 4 चा. वळण परत मिळतं, माप नाही.

ही सगळी कटकट नको असेल तर फिडलर खेकडा कोरावा. त्याच्या नराचा एकच आकडा, म्हणजे नांगी, अवाढव्य असतो. बहुतेक जातींत तो निम्म्या नरांचा उजवा, निम्म्यांचा डावा. कसाही छापा, चूक कुणाच्या बापाला सापडायची नाही.