लक्झरी पुढच्या सीटवर, फॅमिली मागच्या सीटवर

चार महिने आमच्या घरात गाडी सोडून दुसरा विषय नव्हता. शेवटी झालं एकदाचं, म्हणून लिहून टाकतोय. आधीच सांगतो, मी काय एक्स्पर्ट वगैरे नाही, पण चार गाड्यांमध्ये चाइल्ड सीट बसवून काढून माझी पाठ गेलीय, तेवढा अधिकार धरा.

आम्ही पाच जण. मी, बायको, सात वर्षांचा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी आणि आई. आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे. जुनी हॅचबॅक आता पुरत नव्हती आणि मोठी एसयूव्ही पार्किंगमध्ये मावत नाही, मग मधलं काय तर कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही. बीएमडब्ल्यूची एक्स१, ऑडीची क्यू३, मर्सिडीजची जीएलए, व्होल्वोची एक्ससी४० ही सगळी मंडळी. लांबी बघाल तर साधारण ४.४ ते ४.५ मीटर, म्हणजे लावायला त्रास नाही, आणि लोगो असा की वॉचमन पण दोन सेकंद जास्त बघतो. खोटं कशाला बोलू, लोगोचा मोह होताच.

पहिल्या टेस्ट ड्राइव्हला मी एकटाच गेलो. इथेच चुकलं. गाडीचं नाव नाही सांगत, कुणाची आवडती असेल तर उगाच भांडण. बसलो, स्टार्ट केली, स्टिअरिंग हातात काय बसतंय, पिकअप काय, अँबियंट लाइट काय, पंधरा मिनिटांत मी मनातल्या मनात रंग पण ठरवून टाकला. घरी येऊन बायकोला अर्धा तास वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "मागे बसून बघितलंस का?" आता काय उत्तर देणार.

दुसऱ्या वेळी सगळी वरात घेऊन गेलो. आई, दोन्ही पोरं, घरातली चाइल्ड सीट आणि बाबागाडी. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "सर, हे सगळं आत्ताच लावून बघायचंय?" म्हणलं हो, आत्ताच.

आणि मग खरा घोळ कळला. धाकटीची सीट रिअर-फेसिंग आहे, म्हणजे तिचं तोंड मागे. चाइल्ड सीटचा आर१२९ नावाचा जो युरोपातला नियम आहे त्यात किमान १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं असतं, आणि जाणकार म्हणतात त्यापुढेही जितकं जमेल तितकं चांगलं. समोरून धडक बसली तर मानेवर जोर खूप कमी येतो, पूर्ण पाठ टेकलेली असते म्हणून. ही सीट पुढे ड्रायव्हरशेजारी ठेवायची तर तिथली एअरबॅग बंद करावीच लागते, चालू एअरबॅगसमोर अशी सीट म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ती मागेच. पण रिअर-फेसिंग सीट तिरकी बसते आणि लांबीला प्रचंड जागा खाते. माझी सीट माझ्या उंचीमुळे आधीच मागे, म्हणजे ती माझ्या मागे बसतच नाही. उरली शेजारच्या सीटची मागची जागा. आता त्या पुढच्या सीटवर कोण? आई. कारण मागे चढणं-उतरणं तिला जमत नाही आणि मधल्या सीटवर तर पायाखाली तो बोगद्यासारखा उंचवटा असतो, तिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसवायचं म्हणजे शिक्षाच.

थोडक्यात काय, दहा महिन्यांची नात आणि तिची आजी एकाच वीतभर जागेसाठी भांडत होत्या. आम्ही चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या हुकांना, क्लिक केली, आणि पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागली की आईचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. आई काही बोलली नाही. नुसती हँडबॅग मांडीवरून उचलून वरती धरून बसली, कारण ठेवायला जागाच नव्हती. पाच लोकांची गाडी म्हणून लिहिलेलं असतं ना ब्रोशरमध्ये, ते पाच लोक कुठले असतात देव जाणे.

ह्यानंतर माझं गाडी बघणंच बदललं. आधी शून्य ते शंभर किती सेकंदात ते बघायचो, आता दार किती उघडतं, खालची चौकट किती रुंद आहे, सीटची उंची कमरेच्या लेव्हलला येते का हे बघायला लागलो. आईला सेडानमध्ये खाली पडल्यासारखं बसावं लागतं, मोठ्या एसयूव्हीत चढावं लागतं, ह्या साइजमध्ये मात्र नुसतं वळून टेकता येतं. कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो, बाकी सगळं नंतर.

गाडीवेड्या मित्रांशी एक वाद नेहमीचा. पहिली एक्स१ २००९ साली आली ती रिअर-व्हील ड्राइव्हवाली, म्हणजे ताकद मागच्या चाकांना, इंजिन लांबीला बसवलेलं. २०१५च्या दुसऱ्या पिढीपासून इंजिन आडवं आलं आणि बेसिक गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह झाली, तर हे लोक अजून सुतक पाळतायत. अरे पण इंजिन आडवं झालं म्हणून नाक आखूड झालं आणि ती जागा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळाली की! चालवायची मजा थोडी गेली असेल, मान्य, पण मागे पोरं आणि बायको असताना मी काय कोपरे कापत जाणारे का.

ऑल-व्हील ड्राइव्हवर पण डोकं खाऊन झालं. बर्फ, चिखल असं रोजचं नसेल तर सोडून द्या. चार चाकांना ताकद मिळाली की गाडी जागची सुटायला मदत होते, ब्रेक लवकर लागत नाही. तिथे टायरच कामाला येतात.

टायरवरून आठवलं. वीस इंची चाकं फोटोत भारी दिसतात, पण टायरची कड बारीक झाली की प्रत्येक खड्डा मागे झोपलेल्या पोराला जागं करतो. आम्ही तीच गाडी अठरा इंचांवर चालवली, फरक लगेच कळला. आणि डिक्कीची फळी उचलून बघाच. बऱ्याच गाड्यांना स्टेपनीच नसते, रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं चालणारे टायर, नाहीतर पंक्चरचं किट. रन-फ्लॅट साधारण ८० किलोमीटर जातो तेही ताशी ८० च्या आत. रात्री पोरांना घेऊन हायवेला असाल तर हा आकडा फार लहान वाटतो.

डिक्कीच्या आकड्यांवर मी सुरुवातीला फार विसंबलो. जीएलए ४३५ लिटर, दुसऱ्या पिढीची क्यू३ ५३०, असा तक्ता केला होता. बाबागाडी टाकून बघितल्यावर तक्ता फाडला. लिटर किती त्याहून तोंड किती रुंद आणि तळ किती उंच हे महत्त्वाचं, एका गाडीत जागा भरपूर पण बाबागाडी तिरकी केल्याशिवाय आतच जाईना.

आणि ते टचस्क्रीन प्रकरण. एसी कमी करायला तीन ठिकाणी बोट लावायचं, तेवढ्यात समोरचा ब्रेक मारतो. गाड्यांची सुरक्षा तपासून मार्क देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं नसतील तर मार्क कापायचं ठरवलंय, बरं झालं. एसीचं पण घ्या म्हणावं.

तर आम्ही काय घेतलं? दुसऱ्या पिढीची क्यू३, तीन वर्षं वापरलेली. नवी घ्यायचं डोक्यात होतं, पण लक्झरी गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत जी घसरते ती बघून बायको म्हणाली ती घसरण दुसऱ्याच्या खिशातून होऊ दे. सर्व्हिसचे सगळे कागद होते, वॉरंटी वाढवून घेतली. हिची मागची सीट रुळावर १५ सेंटिमीटर पुढे-मागे सरकते आणि एसीला चक्क गोल बटणं आहेत. माझी पहिली पसंती ही नव्हती, ती अजून कधीकधी सिग्नलला शेजारी येऊन उभी राहते आणि मी तिकडे बघत नाही.

घ्यायच्या आधी शेवटची परीक्षा म्हणून परत सगळी वरात नेली. मागची सीट पूर्ण मागे ढकलली, चाइल्ड सीट क्लिक केली, पुढची सीट सरकवली. आई बसली, पाय पुढे केले, हँडबॅग पायाशी ठेवली आणि दार ओढून घेतलं. मालक म्हणाले एक चक्कर मारून येऊ, तर मी पण जरा मागे बसून बघतो म्हणून तिला उतरायला सांगितलं.

"मी आता उतरत नाही," आई म्हणाली. "तुझं काय बघायचंय ते खालून बघ."