खिडकी लावून घेतली तरी

रात्री बारा वाजता खिडकी घट्ट लावलेली असते आणि तरी कोपऱ्यावरच्या रिक्षाचा हॉर्न थेट उशाशी येतो. राग निघतो काचेवर. काच पातळ आहे, जाड बसवून घेऊ! काच बिचारी बऱ्याचदा निर्दोष असते. गुन्हेगार असते फट.

चार बाय पाच फुटांच्या खिडकीच्या सगळ्या कडांना आणि मधल्या जोडाला मिळून अडीच मिलिमीटर फट राहिली, तर उघडं क्षेत्रफळ होतं साधारण एक टक्का. तेवढ्याने काच कितीही भारी असो, 20 डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. बाहेर 75 असेल तर आत 55. रहिवासी भागात रात्री दहानंतर घराबाहेरची कायदेशीर मर्यादाच 45 आहे. म्हणजे खिडकी लावूनही आपण नियमाच्या वरच झोपलेलो.

आपल्याकडच्या स्लायडिंगची गोमच ही. पल्ला सरकायला हवा म्हणून तो चौकटीला घट्ट चिकटवता येत नाही. मधे केसाळ पट्टी असते, तीही धुळीने दोन-चार वर्षांत बसते. बिजागरीवर उघडणारा पल्ला हँडल फिरवल्यावर रबरावर दाबला जातो, म्हणून तो बरा. पारखायला कागद पुरतो: पल्ला आणि चौकट यांच्यात कागद धरून खिडकी लावायची आणि ओढायचा. सहज निघाला तर रबर दाबत नाही. खालच्या ट्रॅकमधली भोकं मात्र एम-सीलने बुजवू नयेत. पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं, नाहीतर पहिल्याच सरीला गादी भिजते.

दुहेरी काच बसवली म्हणजे भागलं, असंही नाही. दोन पातळ काचांत सहा-आठ मिलिमीटरच पोकळी असली, तर बसच्या इंजिनाच्या घरघरीला दोन्ही काचा मिळून साथ देतात. त्यापेक्षा मधे प्लॅस्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच रस्त्याच्या बाजूला जास्त उपयोगी.

कानाला पापणी नाही, ही शरीराची जुनी अडचण. जाग आली नाही तरी हॉर्नसरशी नाडीचे ठोके वाढतात, झोप उथळ होते. सकाळी ‘झोप तर झाली होती’ म्हणत माणूस डोकं धरून बसतो. आणि ही 45ची मर्यादा सरासरीची आहे. एकेका हॉर्नला सात मीटरवरून 93 ते 112 डेसिबलची मुभा आहे. रात्रभराच्या सरासरीच्या आकड्यात एकेक हॉर्न वेगळा दिसत नाही. झोपेला सरासरी कळत नाही.

पुण्याच्या जुन्या वाड्यांनी हे काचेशिवाय निभावलं होतं. रस्त्याकडे जाड भिंत, दिंडी दरवाजा, देवडी; माणसं झोपत आत, मधल्या अंगणाच्या म्हणजे चौकाच्या कडेने. फ्लॅटच्या नकाशातही जिना, लिफ्ट, संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर रस्त्याच्या अंगाला टाकून झोपायच्या खोल्या मागे नेता येतात. पण आपल्याकडे मास्टर बेडरूमला ‘व्ह्यू’ लागतो, आणि तो हायवेचा असला तरी चालतो. समोर अशोकाची एक रांग लावून भागत नाही. पानांनी आवाज जाणवण्याइतका कमी व्हायला कित्येक मीटर रुंद दाट झाडी लागते. धूळ अडते, सावली मिळते, तेवढं खरं.

शेवटी रबर बदलतं, काच बदलते, खोली खरंच शांत होते. आणि गुदमरते. मग एसी लागतो. त्याचं बाहेरचं युनिट बसवायला जागा एकच सापडते: शेजाऱ्यांच्या खिडकीखाली.