आधी डॅन्यूब, मग आल्प्स: मुलांना घेऊन नागपूरहून युरोप

युरोपचा बेत ठरवताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, किती देश होतात? बर्डीवरून आणलेल्या माहितीपत्रकांत पॅरिसपासून रोमपर्यंत सगळं होतं. पण दिवसांचा हिशेब मांडला की रोजचे चार-पाच तास बसमध्ये, आणि दर एक-दोन रात्रींनी बॅगा नव्या हॉटेलात. आमचा मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी आठची, सोबत सासूबाई. म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. दिवसातला किती वेळ आपण हिंडतो आणि किती वेळ नुसते बसतो, एवढंच प्रत्येक पर्यायाला विचारलं. निम्मे पर्याय तिथेच गळाले.

रोम, फ्लॉरेन्स उन्हामुळे गेलं. नागपूरचा मे काढल्यावर जूनमध्ये इटलीतल्या फरशांवर तापायला कोण जाईल? इटलीच्या उत्तरेकडच्या डोलोमाइट्स डोंगरांवर माझा फार जीव होता, पण तिथल्या बऱ्याच लिफ्ट आणि डोंगरातल्या खानावळी जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यात सगळ्यांत उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईच्या पालकांना न मिळणारा जून आपल्याला मिळतो, ही मोठीच सोय. पण डोलोमाइट्ससाठी तीही कमी पडत होती. स्लोव्हेनियात सोचा नदीवर राफ्टिंग, बोहिंजचं तळं, ट्रिग्लावचा डोंगर असा सुंदर कार्यक्रम होतो. घरात सगळीच मुलं मोठी असतील तर मी तोच सुचवीन. आठ वर्षांच्या मुलीला बर्फ वितळून आलेल्या त्या पाण्यात उतरवायला मात्र मन धजेना.

उरलं ते असं: जूनच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठी सायकल, आणि वरचा बर्फ ओसरला की स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पायी. हा क्रम उलटा करू नका. मेअखेरीस आल्प्सच्या उंचावरच्या पायवाटा बर्फाखाली असतात, नदीकाठी तोवर छान उन्हाळा आलेला असतो.

व्हिएन्नाला उतरून रेल्वेने जर्मनीतलं पासाउ गाठायचं. तिथे डॅन्यूबला इन आणि इल्झ या नद्या मिळतात. पासाउ ते व्हिएन्ना हा सायकलमार्ग तीनशे किलोमीटरच्या वर आहे, बहुतेक सपाट आणि गाड्यांपासून वेगळा. याच दिशेने निघा. नदीसोबत हलका उतार मिळतो आणि वाराही साधारण पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून. सायकली भाड्याने देणारे तुमच्या बॅगा रोज पुढच्या मुक्कामी पोचवतात. हे पैसे नक्की खर्च करा. मुलांसोबत दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर पुरे. दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठला की नदीकाठी खेळायला भरपूर उजेड उरतो. सगळा मार्ग पुरा करायचा हट्ट आम्ही धरला नाही. लिंझ ते मेल्क हा टप्पा लोकल रेल्वेने केला. सायकलचं वेगळं तिकीट काढलं की झालं. बारा वर्षांखालच्या मुलांना ऑस्ट्रियात हेल्मेट सक्तीचं आहे.

सासूबाईंसाठी बॅटरीवरची सायकल घेतली. लग्नाआधी त्या धंतोलीतून कॉलेजला सायकलवरच जायच्या, पण त्याला जमाना झाला होता. बुकिंग करतानाच त्यांची उंची कळवून खाली दांडी नसलेली सायकल मागितली, म्हणून पंजाबी ड्रेसवर अडचण आली नाही. पहिल्या सकाळी त्या पार्किंगमध्ये शांतपणे फेऱ्या मारत बसल्या, ब्रेक आणि बॅटरीचं बटण हाताला बसेपर्यंत. तिसऱ्या दिवशी मुलगी मागून ओरडत होती, "आजी, तू तं समोर निघून गेली!"

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्यातला टप्पा मात्र घाई न करता करा. चाळीसेक किलोमीटरचं अंतर आहे, दोन दिवस द्यावेत असं. दोन्ही काठांवर द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. २००० साली युनेस्कोने हे खोरं जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. गावं आणि गर्दी उत्तर काठावर, शांतता दक्षिण काठावर. श्पिट्झ गावाला नदीपार नेणारी होडी आहे, तिला इंजिनच नाही. नदीवर आडवी तार ताणलेली, होडी त्या तारेला बांधलेली; नावाडी ती प्रवाहाला तिरकी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. मुलगा पलीकडे उतरून परत आला, पुन्हा गेला आणि शेवटी वहीत बाणांसकट आकृती काढून बसला.

तिथून रेल्वेने लिंझ, साल्झबुर्ग, इन्सब्रुक करत झुरिक. पूर्ण दिवस जातो, पण आर्लबर्गचे डोंगर खिडकीतून दिसतात.

स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेन गावात एकच घर घ्या, स्वयंपाकघर असलेलं. मेनलिखेन ते क्लायने शायडेग ही साडेचार किलोमीटरची वाट जवळपास सपाट आहे आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं सतत समोर असतात. आजी-आजोबांसाठी लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग हा खोऱ्यातला रस्ता उत्तम. पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो. त्यात विश्रांती धरलेली नसते, मुलं असतील तर दीडपट धरा. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्याची वाट डोंगरी, तिला चांगले बूट हवेत. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या वाटेला मुलांना नेऊच नये. युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन आम्ही सोडलं. सवलतीशिवाय माणशी दोनशे फ्रँकच्या पुढचा खर्च आहे. तो पैसा आम्ही इतर लिफ्टवर घातला. जायचंच असेल तर सकाळी वेबकॅमवर वरचं थेट चित्र पाहून मगच तिकीट काढा. निम्म्या दरात तिकिटं देणारं हाफ फेअर कार्ड घेताना मुलांचं मोफत फॅमिली कार्ड मागून घ्या. त्यावर सोळाच्या आतली मुलं पालकांसोबत रेल्वेत फुकट जातात.

तयारी मे महिन्यातच करावी लागते. पहाटे साडेपाचला अंबाझरी, रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ सायकलवर, आणि पचमढीला चौरागडच्या पायऱ्या. नवे बूट तिथेच रुळवून घ्या.

व्हिसा ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाचा. आमचा ऑस्ट्रियाचा होता. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, आणि किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. युरोपचं सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये चालतं का, घेतानाच विचारा.

खाण्याचं: भाजणी, पोहे, तिखट, मेतकूट बिनधास्त न्या. तूप, पेढे, खवा घरीच ठेवा, दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. शाकाहारी असाल तर ऑस्ट्रियातल्या सूपपासून जपा. धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप दिसतं साधं, पण ते गोमांसाच्या पाण्यात शिजतं. रविवारी दोन्ही देशांत बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली उघडी. शनिवारीच दूध, पाव, भाजी, फळं भरून ठेवा.