वजनाशी मांडवली

पणजीहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की बेती. तिथेच आमचं वर्कशॉप. पेट्रोलवर पळणाऱ्या बोटी आम्ही विजेवर करून देतो. सुरुवात ओबीएमच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या मशीनच्या दुरुस्तीपासून झाली. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, रापणकारांच्या होड्या, चोडणच्या खाजणांत पक्षी दाखवायला जाणाऱ्या होड्या, सगळ्यांची मशिनं आमच्याकडे यायची. कार्बोरेटर साफ करा, इम्पेलर बदला, पंखा खडकावर आपटला असेल तर सरळ करून द्या. पुढे फायबरचं काम शिकलो आणि तळही दुरुस्त करू लागलो.

विजेकडे वळलो ते भावोजींमुळे. त्यांचं म्हापशाला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जानेवारी २०१७ मध्ये केरळात वैकमला ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट सुरू झाली, तेव्हापासून ते माझ्या मागे लागले होते. मी ऐकत नव्हतो. ‘आदित्य’ पाणी कापत सावकाश जाते, आणि तशा चालीला वीज फार लागत नाही. आमच्या गिऱ्हाइकांच्या सोळा फुटी बोटींचा धर्म वेगळा. त्या पाण्यावर उठतात आणि तळ घासत पळतात. उठायला लागणारी ताकद थेट वजनावर ठरते, आणि बॅटरी म्हणजे वजनच.

हिशेब असा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. टू-स्ट्रोक मशीन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, पंख्याच्या शाफ्टवर जेमतेम २ युनिट पोचतात. तरी २५ लिटरची टाकी ५० युनिटांचं काम करते. तेवढंच काम लिथियम फेरो फॉस्फेटच्या सेलकडून घ्यायचं तर खोक्यासकट चारशे किलोंच्या वर वजन बसेल. ते उचलायला मोटर मोठी हवी, मोठ्या मोटरला बॅटरी आणखी हवी. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. आम्ही ते अंतरावर तोडतो. म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच: ‘बाब, एका खेपेला किती लांब जाता?’ वेग किती हवा, हे नंतर.

उठणाऱ्या बोटीचं आमचं पहिलं काम शापोरा नदीवरच्या एका रिसॉर्टसाठी होतं. पाहुण्यांना धक्क्यावरून आणायचं आणि परत सोडायचं, जाऊन-येऊन चार नॉटिकल मैल (साधारण साडेसात किलोमीटर), मधे भरपूर वेळ मोकळा. चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन आधीपासून होतं. बोट चेनपुलीला टांगून काट्यावर घेतली. मालकांनी सांगितलेल्या वजनापेक्षा काटा बराच पुढे गेला. मालक काट्याकडेच संशयाने बघत राहिले. फळीला भोक पाडलं तर आतल्या फोममधून पाणी गळायला लागलं. जुन्या फायबर बोटींची ही ठरलेली गोष्ट: वर्षानुवर्षं फोम पाणी पितो आणि पेट्रोलवाल्याला पत्ता लागत नाही, कारण तो थ्रॉटल थोडा जास्त ओढतो एवढंच. सगळा फोम काढला, बंद पेशींचा, पाणी न पिणारा नवा घातला. छपराचे लोखंडी पाइप काढून ॲल्युमिनियमचे लावले. बॅटरीचं अर्धंअधिक वजन इथेच वसूल झालं.

सेल विकत घेण्याआधी आम्ही रेतीच्या पिशव्या भरतो. बॅटरीच्या वजनाइतक्या पिशव्या, जुनं मशीन तसंच ठेवून, नदीत. पिशव्या मागे ठेवल्या तर पुढचं टोक आभाळाकडे जातं आणि बोट उठतच नाही. फार पुढे ठेवल्या तर ती नांगरासारखी पाण्यात घुसते आणि सुकाणू नाचायला लागतं. मधली जागा सापडेपर्यंत पिशव्या सरकवायच्या. घाम निघतो, पण चुकीच्या जागी बसवलेली बॅटरी हलवण्यापेक्षा हे स्वस्त.

मोटर वीस किलोवॅटची बसवली. मशीनचा खालचा पाय तोच ठेवला, वरचं इंजिन काढून ॲल्युमिनियमच्या प्लेटवर मोटर उभी केली. रिव्हर्ससाठी मोटर उलटी फिरवली की झालं, म्हणून गिअरचा क्लच पुढच्याच दाताला कायम अडकवून ठेवला. व्होल्टेजवरून माझं आणि भावोजींचं बरंच वाजलं. स्वस्त पडतं म्हणून मला ४८ व्होल्ट हवं होतं. ते म्हणाले, ‘अठरा किलोवॅट ओढशील तेव्हा पावणेचारशे अँपिअर जातील, मनगटाएवढी केबल टाकणार का?’ ९६ व्होल्टला करंट निम्मा, त्याच केबलमध्ये होणारा तोटा चौथाई. त्यांचंच खरं होतं. मात्र या व्होल्टेजला खाऱ्या पाण्यात हयगय चालत नाही. दोन्ही ध्रुव बोटीच्या धातूपासून अलग, कथिल चढवलेली तांब्याची वायर, बॅटरीजवळच डीसी फ्यूज, आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किल-स्विचची, म्हणजे तो पडला की मोटर बंद करणारी, दोरी. यात सूट मागणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.

पंधरा युनिटांच्या बॅटरीवर, माणसांसकट आठशे किलोंची ही बोट चौदा नॉटला, म्हणजे तासाला चौदा नॉटिकल मैलांच्या वेगाला, पाऊण तासाच्या आतच दमते. तेवढ्यात नऊएक नॉटिकल मैल होतात. साडेचार नॉटला तीच बॅटरी पाच-सहा तास पुरते. सगळ्यात वाईट मधला वेग. आठ-नऊ नॉटला बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते, वीज जाते आणि अंतर सरत नाही. पेट्रोलवर हात बसलेल्या तांडेलांना हेच समजावताना सर्वात वेळ लागतो. एकतर पाचच्या खाली राहा, नाहीतर झटकन तेराच्या वर जा.

रोज एकच लांब फेरी आणि धक्क्यावर वीज नाही, अशा गिऱ्हाइकाला आम्ही पेट्रोलच ठेवायला सांगतो. त्यात आमचा धंदा बुडतो, हे भावोजी अधूनमधून ऐकवतात. साध्या सोळा अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीनेक युनिटच मिळतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला रात्रच लागते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी दाखवणाऱ्यांना मात्र आम्ही उलटं सांगतो: तुम्हाला उठायचंच नाही, मग एवढी मोटर कशाला? तीन किलोवॅट पुरे. खरं म्हणजे आज आमचं बरंचसं काम याच सावकाश बोटींचं आहे, उठणाऱ्या बोटी मोजक्याच.

काम द्यायचं असेल तर बोट जूनच्या सुरुवातीला, वॉटरस्पोर्ट्स बंद झाले की आणा. इंजिन बदललं की कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडच्या नोंदणीतही बदल करावा लागतो, तर नोंदणीचे कागद सोबत ठेवा. आणि येण्याआधी टाकी रिकामी करा, काट्यावर पेट्रोलचं वजन नको.