नाक्सोस: संगमरवर, बटाटे आणि महाळुंग

ग्रीसचं बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सँटोरिनीचे निळे घुमट येतात. ताईच्याही आले होते. पण सिक्लाडीस द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं बेट नाक्सोस. तिथे शेती आहे, डोंगर आहेत, दूधदुभतं आहे. आणि ज्या गावाचं पोट फक्त पाहुण्यांवर चालत नाही, तिथे पाहुण्यांना जरा कमी कापतात, हा माझा मुद्दा तिला शेवटी पटला.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठी बोट पाच-साडेपाच तासांत पोचवते. लवकर नेणाऱ्या बोटी आहेत, पण मोठ्या बोटीच्या डेकवर उभं राहून बेटं मागे पडताना बघण्यातली मजा त्यांत नाही. नाक्सोसच्या बंदरात शिरताना आधी दिसतं ते एक दार. नुसतं दार, भिंत नाही, छप्पर नाही. हाच पोर्तारा. इ.स.पू. ५३० च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या हुकूमशहाने इथे मोठं देऊळ बांधायला घेतलं, बहुधा अपोलोचं. त्याची सत्ता गेली आणि काम तिथेच थांबलं. पुढे व्हेनिसच्या सरदारांनी देवळाचे दगड आपल्या किल्ल्यासाठी उचलले. चौकटीचे दगड मात्र प्रत्येकी वीसेक टनांचे, ते कोण हलवणार? म्हणून सहा मीटर उंचीची चौकट तेवढी राहिली. सूर्यास्ताला तिथे फोटोवाल्यांची जत्रा भरते. सकाळी जा, दार तुमच्या एकट्याचं असतं.

तो किल्ला म्हणजे वरचं कास्त्रो. १२०७ मध्ये मार्को सानुदो या व्हेनिशियनाने बेट घेतलं आणि इथून राज्य केलं. दारांवर जुन्या घराण्यांची चिन्हं अजून दिसतात. बोळ इतके वळणाचे, की नकाशा खिशात ठेवून भटकलेलं बरं.

मला खरं बघायचं होतं ते उत्तर टोकाला, अपोलोनास गावाच्या वर. गाडी भाड्याने घ्या (आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यायचा). बस जाते, पण तिच्या वेळा सांभाळण्यात दिवस जातो. तिथे प्राचीन खाणीत १०.७ मीटर लांबीचा एक संगमरवरी पुरुष उताणा पडला आहे. ढोबळ घडवलेला, दाढीचा आकार आलेला. दाढीमुळे तो मद्याचा देव डायोनिसस याचा पुतळा असावा असं मानतात. अडीच हजार वर्षांहून जास्त काळ तो जिथे कोरायला घेतला तिथेच आहे. पायथ्याशी उभं राहून ताई म्हणाली, ‘‘अगं, याला खाली समुद्रापर्यंत नेणार तरी कसे होते?’’ मलाही तोच प्रश्न होता.

गंमत अशी, की नाक्सोसकरांनी पूर्ण केलेली उत्तम कामं बाहेर गेली. शेजारच्या डेलोस बेटावरचे संगमरवरी सिंह त्यांनी दिलेले, डेल्फीच्या संग्रहालयातली स्फिंक्सची मूर्तीही (बाईचं डोकं, सिंहाचं अंग) त्यांचीच. घरी उरलं ते अर्धवट. मला तरी हे अर्धवटच जास्त आवडलं, कारण यात छिन्नीच्या खुणा दिसतात. घासून गुळगुळीत करायला लागणारी एमरी, म्हणजे कुरुंदाच्या जातीचा कठीण दगड, तीही इथल्याच डोंगरांत. ती खाली मूत्सूना बंदरात उतरवणाऱ्या रोपवेचे खांब रस्त्याने जाताना दिसतात.

वाटेत अपिरांथोस लागतं. या गावात रस्त्यालासुद्धा संगमरवर. १९४१ साली अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचा नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघांपैकी मानोलिस ग्लेझोस इथला.

खाली हाल्कीत मात्र थांबाच. १८९६ पासून चालत आलेली वाल्लिंद्रास भट्टी किट्रोन नावाची दारू गाळते, महाळुंगाच्या (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) पानांपासून. हो, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं तेच महाळुंग! हिरवी सगळ्यात गोड आणि सौम्य, पिवळी कडक. ताईने वास घेतला आणि पेला माझ्याकडे सरकवला.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. नाक्सोसचे बटाटे ग्रीसभर प्रसिद्ध, तळून आले की दुसरं काही मागवायची इच्छा होत नाही. ग्राविएरा चीज इथलंच. शिवाय गेमिस्ता, म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. पण ‘‘खिमा नाही ना?’’ हे विचारून घ्या. दुपारचं जेवण दोननंतर, आणि घाई करणाऱ्याकडे वाढपी दयेने बघतो.

किनाऱ्यांबद्दल काय सांगू? आयोस प्रोकोपिओस आणि प्लाका, वाळू मऊ, पाणी काचेसारखं, जून महिन्यातही उतरताना हुडहुडी भरवणारं. चालायची हौस असेल तर झास शिखर गाठा. उंची हजार मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरीच कमी, पण सावली जवळजवळ नाही. ग्रीक देवांचा राजा झ्यूस याचं बालपण याच बेटावर गेलं असं इथले लोक सांगतात. वाटेत त्याची गुहाही आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो आणि कधीकधी बोटी रद्द होतात. त्या महिन्यांत जाणार असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका. ती रात्र अथेन्समध्येच काढा.