घारापुरीला मुक्काम मिळत नाही, आणि मोऱ्याला ओहोटी असते

घारापुरी म्हणजे एलिफंटा बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण आम्हाला ते बेटावर पाय ठेवल्यावर कळलं. नाशिकचा कुणी ट्रॅव्हलवाला 'बेटावर मुक्काम, कोळी जेवण' म्हणून माणशी साडेतीन हजार मागत असेल तर तिथून उठा. आमच्या कागदावर 'मुक्काम: मोरा' असं छापलं होतं. बेटावर मोराबंदर नावाचं गाव आहे, तेव्हा कुणालाही तेच वाटणार. हा मोरा निघाला उरणचा, पाण्यापलीकडचा. फोन लावला तर साहेब म्हणतात, "अहो, बेटाच्या समोरच आहे की." पैसे परत मागितले तर फोन उचलणंच बंद.

आता क्रमाने. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस पावणेअकराला सीएसएमटीला टेकते. तिथून गेटवेला टॅक्सी करा किंवा चालत जा. बोटी सकाळी नऊपासून असतात आणि दुपारी दोनच्या पुढे जायच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. तिकीट जाऊन-येऊन असतं, ते सांभाळून ठेवा. वरच्या डेकचे वेगळे दहा-वीस रुपये मध्येच मागायला येतात. वर ऊन, खाली डिझेलचा वास. मी खाली बसेन. लाइफ जॅकेट मात्र फोटोपुरतं नाही, पूर्ण तास घालून बसा. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली होती.

सोमवारी लेणी बंद. तरी लोक सोमवारी येतात आणि धक्क्यावर भांडतात.

धक्का लांबलचक आहे, कारण किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि खाली नुसता चिखल. त्या लांबीसाठी छोटी आगगाडी ठेवली आहे. तिची रांग लावण्यापेक्षा चालत लवकर पोचाल. पुढे ग्रामपंचायतीचा कर, मग लेण्यांपर्यंत साधारण १२० पायऱ्या. पांडवलेणी चढणाऱ्याला यात दम लागायचं काही कारण नाही, पण डोलीवाले प्रत्येकाकडे 'हा मध्येच बसणार' अशा नजरेने बघतात. दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं: माळा, दगडी हत्ती, कैरी, मक्याची कणसं. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग आहे. ती बोटीतून आली, धक्क्यावरून उचलून आणली, म्हणून त्यावर मी वाद घालत नाही. वाद घालावा तो वर भेटणाऱ्या स्वयंघोषित गाइडशी. पाच मिनिटांत सगळं शिल्प 'पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या' एवढ्यावर संपवतो आणि वर पाचशे मागतो. खायचं काही हातात धरू नका. माकडं बाटलीचं झाकण आपल्यापेक्षा लवकर उघडतात.

लेण्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. पहिल्या लेण्यातली सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमूर्ती, सहाव्या शतकाचा मध्य, १९८७ पासून जागतिक वारसा. बघाच. पण बहुतेक लोक तेवढंच बघून खाली उतरतात, आणि बेट पायऱ्यांच्या त्या पट्ट्यापुरतंच असल्यासारखं वागतात.

बेट म्हणजे दोन टेकड्या आणि मधली घळ. पश्चिमेच्या टेकडीवर दोन जुन्या तोफा आहेत, पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप. पायथ्याशी तीन वस्त्या: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. मिळून हजार-बाराशे माणसं. बोटी लागतात त्या शेतबंदराला, त्यामुळे पर्यटकांचा पैसाही तिथेच उतरतो. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव पाडलं, तो दगडी हत्ती राजबंदराच्या बाजूला उभा होता. आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. बेटावर येऊन 'हत्ती कुठंय' विचारणारे बरेच भेटतात, म्हणून सांगितलं.

आम्ही राजबंदराकडे चालत गेलो. वाट सोपी, चिंच आणि करंजाच्या सावलीतली, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. गावात एक होडी आडवी करून ठेवली होती आणि एक वयस्कर काका पत्र्याच्या तुकड्याने तिच्या तळाचे शिंपले खरवडत होते. शिंपले सुटताना लाकडाचा ओला, कुजका वास येत होता. नाशिकहून आलो म्हटल्यावर म्हणाले, "मग कांदा स्वस्त असंल तुमच्याकडं." हिशोब त्यांनीच मांडला: कांदा आमच्याकडून वाशीला, वाशीहून उरणला, उरणहून होडीत, आणि होडीतून डोक्यावर. गॅसची टाकी, सिमेंट, शाळेची पुस्तकं, सगळं याच रस्त्याने येतं. बेटावर हॉस्पिटल नाही. रात्री कुणाला त्रास झाला तर आधी होडी, मग डॉक्टर.

वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. महावितरणने समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि मग अंधार. समोर मुंबईचा झगमगाट, पाठीमागे जेएनपीटी बंदराच्या क्रेनवरचे दिवे, आणि मध्ये ही तीन गावं स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं कंदिलावर. काकूंनी घरातून फ्रिजमधलं ताक आणून दिलं आणि पैसे घ्यायला तयार नव्हत्या. पायऱ्यांवरच्या भावांनंतर हे जरा जड गेलं. महाशिवरात्रीला उरणकडून भाविकांच्या बोटी येतात, तेव्हा बेट वेगळंच दिसतं, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी तो दिवस धरायचा आहे, गर्दी असली तरी.

काकांनीच विचारलं, "उद्या परत कसे जानार?" मोऱ्याहून सकाळच्या लॉन्चने भाऊच्या धक्क्याला, म्हटलं. ते हसले. "तिथी बघितली का?"

आता मूळ मुद्दा. मोऱ्याच्या धक्क्याला गाळ साचतो, आणि मोठ्या ओहोटीला लॉन्च लागत नाही. मग सेवा थेट दोन-तीन तास बंद. कोळ्यांचा हिशोब साधा आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आमची दुसरी सकाळ तृतीयेची, म्हणजे सव्वादोनला भरती, सव्वाआठला पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस पाणी सगळ्यात खाली जातं, त्यामुळे द्वितीया ते चतुर्थीची सकाळ मोऱ्याला नकोच.

आणि झालंही तसंच. एजंटने ठरवलेल्या मचव्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, संध्याकाळी मोऱ्याला उतरलो, उरणच्या एका लॉजमध्ये चादरीचा वास घेत रात्र काढली आणि सकाळी साडेसातला धक्क्यावर. समोर पाण्याच्या जागी काळा चिखल, त्यात बगळे, आणि खिडकीवर 'ओहोटीमुळे बंद'. कामावर जाणारे लोक शांतपणे उभे होते, त्यांना रोजचंच. पंखा नाही, बसायला धड जागा नाही, आणि चौकशीला एकच उत्तर: "पाणी आलं की." मी त्या दोन तासांत एजंटला जे काही म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

तिथे उभं राहायची गरजच नव्हती, हे रांगेतल्या एका मुलीने सांगितलं. जानेवारी २०२४ पासून उरणला लोकल आली आहे. मोऱ्याहून रिक्षाने उरण स्टेशन, लोकलने नेरूळ, नेरूळहून ठाणे, पुढे कल्याण. गाड्यांमध्ये अंतर बरंच असतं, म्हणून वेळापत्रक बघून रिक्षा पकडा. पण रेल्वे ओहोटीला थांबत नाही.

माझं मत विचाराल तर मोरा-उरण हा भाग सरळ वगळा. गेटवेने जा, गेटवेनेच या. परतीच्या बोटी साडेपाचपर्यंत असतात, पण सव्वासहाची पंचवटी धरायची असेल तर चारची बोट सोडू नका. म्हणजे बेटावर जेमतेम साडेतीन तास. त्यात लेणी आणि राजबंदर दोन्ही धावतपळत होतात. तोफांचा डोंगर होत नाही. सगळं नीट बघायचं तर आदल्या रात्री मुंबईत राहा आणि नऊची बोट धरा. पावसाळ्यात हवा बिघडली की बोटी बंद होतात, तेव्हा जून ते सप्टेंबर नाशिकहून एवढ्यासाठी निघू नका.

पंचवटी चुकली तर घाबरायचं कारण नाही. कसारा लोकल पकडा, कसाऱ्याला स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर टॅक्स्या उभ्या असतात. रात्र झाली की भाव वाढवतात आणि पाठीमागे चौघांना कोंबतात. बसायच्या आधी भाडं आणि माणसं, दोन्ही ठरवून घ्या, आणि नाशिकमध्ये द्वारकेला सोडणार की मुंबई नाक्याला हेही तेव्हाच विचारा.