आमची वाटचाल: ‘पाणी लागत नाही’ ही पाटी आम्ही का काढली

आमची रोपवाटिका सुरू झाली ती हंगामी फुलझाडांवर. पिशवीतच फुललेलं रोप दिसलं की गिऱ्हाईक उचलतं, चार महिन्यांनी ते वाळलं की नवं न्यायला येतं. हिशेब बायको बघते. ती तेव्हाच म्हणाली होती, “मरणारी झाडंच आपलं घर चालवतायत.”

मग एका उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की आमचेच वाफे करपले. शेडच्या मागे मात्र, टाकून दिलेल्या मातीच्या ढिगात, एक बोगनवेल रंगाने नुसती पेटली होती. तिला महिनोन्‌महिने कोणी थेंब घातला नव्हता. तिचा रंग खरं तर फुलांचा नाहीच, फुलांभोवतीच्या पानांचा. फूल म्हणजे आतली बारीक पांढरट नळी. तिला ताण बसला की बहर येतो, रोज पाणी घातलं की ती नुसती हिरवी माजते. हे आम्हाला माहीत होतं, पण त्यावर धंदा उभा करावा असं कधी सुचलं नव्हतं.

कण्हेर, घायपात, रोझमेरी, लॅव्हेंडर, जाड रसाळ पानांचं सेडम अशी कमी पाण्यावरची बहुवर्षायू झाडं आणली आणि मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘पाणी लागत नाही’. त्या पाटीने आम्हाला जेवढं रडवलं तेवढं कुठल्या किडीनेही नाही.

पहिली तक्रार महिन्याभरातच आली. “तुम्हीच सांगितलंत ना, पाणी नको म्हणून?” सांगितलं होतं खरं. पण पिशवीतल्या रोपाची मुळं पिशवीएवढ्याच मातीत असतात. दुष्काळ सोसायची ताकद पुढे मुळं पसरली, खोल गेली की येते. म्हणून पहिलं वर्षभर पाणी द्यायचंच, फक्त रोज शिंपडायचं नाही. एकदा भरपूर द्यायचं, वाफसा येऊ द्यायचा, म्हणजे जादा पाणी निचरून माती मोकळी होऊ द्यायची, बोटभर खाली माती कोरडी लागली की पुन्हा द्यायचं. वरवर शिंपडलं की मुळंही वरवरच राहतात.

दुसरी खेप पावसाळ्यात गेली, आणि ती जास्त लागली, कारण ही झाडं तहानेने नाही, बुडून मेली. चिकण मातीतली लॅव्हेंडर बुंध्याशी काळी पडली. तिच्या पानांवरची राखाडी लव ऊन परतवते, पण मुळांना हवा लागते. पाणी साचलं की ती कुजतात. तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाला आधी खड्डा खणायला सांगतो. फूटभर खोल खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर लॅव्हेंडर नेऊ नका, किंवा उंच वाफा करा. या एका प्रश्नावर काही गिऱ्हाइकं परत गेली. जाऊ देत.

इंग्लंडमध्ये बेथ चॅटो या बागकर्तीने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वाहनतळाच्या जागेवर खडीची बाग केली आणि ती पुढे पाणी न घालता वाढवली. लोक एवढंच ऐकतात. लावणीआधी तिथली दबलेली जमीन खोलवर मोकळी केली होती, हे आम्हीही उशिराच वाचलं.

यानंतर आमच्या वाफ्यांतली पद्धतही बदलली. नत्राचं खत हात राखून घालतो, कारण भसाभस वाढलेली कोवळी पालवी पाणी मागते. विक्रीच्या आधी काही आठवडे पाणी कमी करतो. परिणाम असा की आमची रोपं शेजारच्या रोपांपुढे खुजी, रोडावलेली दिसतात. मोठं झाड मागणाऱ्यालाही आम्ही लहानच सुचवतो, ते लवकर रुजतं. एका रोपामागची कमाई घटली, हे लपवत नाही.

घाणेरी विकायची बंद केली. ती कशातही जगते, पण पक्षी तिची फळं खातात आणि बी कुठेकुठे टाकतात. मग ती आवरत नाही. कण्हेर विकतो, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे हे सांगूनच. घरात रांगतं मूल असेल तर आग्रह करत नाही. तहानेची आणि बिनतहानेची झाडं एका वाफ्यात लावू नका, हे सांगून मात्र तोंड दुखतं. गुलाबाशेजारी सेडम लावलं की दोघांपैकी एक जातंच.

पाटी आता बदलली आहे: ‘पहिलं वर्ष पाणी घाला’. बायकोला ती अजून पटलेली नाही. तिच्या मते ती वाचून माणूस पुढच्या दुकानात जातो.

यंदा फाटकाजवळच्या जुन्या घायपाताने फुलांचा दांडा वर काढला आहे, माणसापेक्षा उंच. बघायला येणारे खूश होतात. फुलून झालं की ते झाड मरणार, हे ऐकून हिरमुसतात. बुंध्याशी अकरा पिलं आहेत. सहा काढून पिशव्यांत भरली, उरलेल्यांसाठी खडी संपली आहे.